नवा गेमिंग लॅपटॉप, लिनक्स आणि जळगावचा मे महिना

लॅपटॉपवर लिनक्स बसले, डेस्कटॉप दिसला आणि एखादा व्हिडिओ चालला, म्हणजे काम फत्ते झाले असे पुष्कळजण धरून चालतात. गेमिंग लॅपटॉपच्या बाबतीत माझ्या मते खरे काम तिथून पुढे सुरू होते. दोन पंखे, स्वतंत्र ग्राफिक्स कार्ड आणि दोनशे वॉटच्या घरातला चार्जर असलेल्या यंत्रात पंख्यांनी केव्हा वेग घ्यायचा, कार्डाने केव्हा झोपायचे आणि प्रोसेसरने किती वीज ओढायची हे कर्नलला (हार्डवेअर हाताळणाऱ्या लिनक्सच्या गाभ्याला) कळू लागते आणि ठरवता येते, तेव्हाच त्या यंत्राला हार्डवेअर सपोर्ट मिळाला असे मी म्हणेन. थंड हवेच्या गावी ही केवळ सोयीची बाब असेल. मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या आसपास टेकणाऱ्या आमच्या जळगाव-भुसावळ पट्ट्यात ती यंत्राच्या आयुष्याची बाब आहे.

हे सविस्तर लिहिण्याचे निमित्त माझ्या भाच्याचा नवा लॅपटॉप. तो जळगावला अभियांत्रिकी शिकतो, आणि रायझन प्रोसेसर व आरटीएक्स ४०६० कार्ड असलेले यंत्र त्याने अभ्यास आणि खेळ अशा दोन्हींसाठी घेतले. कंपनीचे नाव मी देत नाही, कारण पुढे येणारे प्रश्न थोड्याफार फरकाने सगळ्याच कंपन्यांच्या नव्या यंत्रांत आढळतात, आणि त्यांची मुळेही सारखीच असतात.

मूळ असे की, नव्या हार्डवेअरचा आधार एका जागी नसतो. तो कर्नलमध्ये असतो, लिनक्स-फर्मवेअर या स्वतंत्र संग्रहातील फायलींमध्ये (चिपमध्ये भरावयाच्या छोट्या प्रोग्राममध्ये) असतो, ग्राफिक्ससाठी मेसा या खुल्या ड्रायव्हरसंचात किंवा एनव्हिडियाच्या ड्रायव्हरमध्ये असतो, आणि या सर्वांच्या खाली लॅपटॉपच्या बायॉसमध्ये, म्हणजे यंत्र सुरू करणाऱ्या मूळ प्रोग्राममध्ये असतो. यांपैकी एक थर जरी मागे राहिला, तरी तो विशिष्ट भाग मुका राहतो. म्हणून ‘वाय-फाय चालत नाही’ एवढ्यावर न थांबता ‘वाय-फायचा आधार नेमक्या कोणत्या थरात कमी पडतो आहे’ असे विचारले, तर निम्मे उत्तर हाती येते. कर्नलची नवी आवृत्ती साधारण नऊ ते दहा आठवड्यांनी येते, तर वितरणे (डेबियन, उबुंटू, फेडोरा अशी लिनक्सची तयार रूपे) आपापल्या धोरणाप्रमाणे एका आवृत्तीला धरून राहतात. जून २०२३ मध्ये आलेल्या डेबियन १२ मध्ये ६.१ हे कर्नल आहे, ऑगस्ट २०२५ च्या डेबियन १३ मध्ये ६.१२. उबुंटू २४.०४ मुळात ६.८ घेऊन आले, पण त्याच्या पुढच्या इन्स्टॉल-प्रतींत नव्या हार्डवेअरसाठी वरचे कर्नल दिले जाते, २४.०४.३ मध्ये ते ६.१४ होते. फेडोरा तर चालू आवृत्तीतच नवे कर्नल देत राहते. सर्व्हरसाठी मी डोळे मिटून डेबियन सुचवीन. परंतु गेल्या सहा महिन्यांत बाजारात आलेल्या गेमिंग लॅपटॉपसाठी जुने पण स्थिर यापेक्षा नवे कर्नल महत्त्वाचे, हे माझे ठाम मत आहे.

विंडोजला हात लावण्यापूर्वी दोन कामे त्यातच बसून उरकून घ्यावीत. बायॉसची ताजी आवृत्ती विंडोजमधूनच बसवावी, कारण एफडब्ल्यूयूपीडी ही लिनक्समधून बायॉस अद्ययावत करण्याची उत्तम सोय असली तरी सगळ्या गेमिंग मॉडेलांचे बायॉस तिच्याकडे येत नाहीत. दुसरे म्हणजे डिस्क कूटबद्ध असल्यास बिटलॉकरची (विंडोजच्या डिस्क-कुलुपाची) रिकव्हरी की कागदावर उतरवून ठेवावी. सिक्युअर बूटमध्ये (स्वाक्षरी असलेलीच प्रणाली सुरू होऊ देणाऱ्या बायॉसच्या व्यवस्थेत) किंचित बदल झाला तरी विंडोज ती मागते, आणि तेव्हा ती शोधायला गेले की घाम फुटतो. इंटेलच्या काही यंत्रांत इन्स्टॉलरला डिस्कच दिसत नाही. त्याचे कारण बहुधा व्हीएमडी किंवा आरएसटी ही डिस्क हाताळण्याची बायॉसमधील मांडणी असते.

शक्य असेल तर मी याही आधीची पायरी सुचवीन. नव्या कर्नलचा लाइव्ह पेनड्राइव्ह (ज्यावरून काही न बसवता लिनक्स चालते) खिशात घेऊनच दुकानात जावे. दुपारी गर्दी नसताना नीट विनंती केली, तर जळगावचे दुकानदार मांडून ठेवलेल्या यंत्रावर तो चालवू देतात. पाच मिनिटांत टचपॅड, वाय-फाय, आवाज आणि पडद्याचा उजेड एवढे तरी समजते, आणि एलएसपीसीआय ही यंत्रातील उपकरणांची यादी देणारी आज्ञा ‘एनएनके’ या पर्यायासह चालवून तिच्या उत्तराचा फोटो काढून घेतला, तर घरी येऊन शांतपणे अभ्यास करता येतो. त्या उत्तरात प्रत्येक उपकरणापुढे दोन क्रमांक असतात, पहिला उत्पादकाचा आणि दुसरा उपकरणाचा: इंटेलचा ८०८६, एनव्हिडियाचा १०डीई, मीडियाटेकचा १४सी३. त्याखाली कोणता ड्रायव्हर त्याला जोडला गेला आहे तेही लिहिलेले असते, आणि तिथे ड्रायव्हरची ओळच नसली तर कोठे शोधायचे ते कळते.

भाच्याच्या यंत्राने पहिली अडचण दाखवली ती कीबोर्डची. घरात असलेल्या जुन्या कर्नलच्या पेनड्राइव्हवरून यंत्र सुरू केले, तर सुरुवातीच्या मेनूत बाणांच्या कळा व्यवस्थित चालत होत्या, आणि डेस्कटॉप येताच एकही कळ चालेना. “मामा, आते काय करानं?” असे विचारताना त्याचा चेहरा पाहण्यासारखा झाला होता, नवे यंत्र खराब निघाले असेच त्याला वाटले. यूएसबीचा साधा कीबोर्ड लावला आणि काम पुढे सरकले.

यामागचे कारण मला या संपूर्ण विषयातील सर्वांत बोधक वाटते. लॅपटॉपचा कीबोर्ड आजही जुन्या पीसीच्या पद्धतीने, पहिल्या क्रमांकाच्या इंटरप्टवर (प्रोसेसरचे लक्ष वेधणाऱ्या संकेताच्या तारेवर) जोडलेला असतो. त्या इंटरप्टचा संकेत कोणत्या ध्रुवतेचा, म्हणजे विजेची पातळी वर गेल्याने की खाली आल्याने द्यायचा, हे बायॉसच्या एसीपीआय तक्त्यात (यंत्राची रचना प्रणालीला सांगणाऱ्या नोंदीत) लिहिलेले असते. पूर्वीच्या अनेक बायॉसमध्ये ही नोंद चुकीची असे, म्हणून कर्नल ती बाजूला सारून परंपरेने चालत आलेली ध्रुवता गृहीत धरी. २०२२ च्या सुमारास रायझन ६००० मालिकेची यंत्रे आली, त्यांत बायॉसची नोंदच बरोबर होती, आणि कर्नलने ती नाकारल्यामुळे कळ दाबल्याचा संकेत पोहोचेनासा झाला. मेनूच्या वेळी यंत्र बायॉसच्याच हाती असते, म्हणून तिथे कळा चालतात. यावर उपाय म्हणून कर्नलच्या एसीपीआय विभागातील एका फाइलमध्ये उत्पादकाचे आणि मदरबोर्डचे नाव घालून ‘या यंत्रावर नोंद बदलू नये’ अशी यादी करण्यात आली, आणि मॉडेल येत गेली तशी ती वाढत गेली. एका यंत्रासाठीची भर म्हणजे जेमतेम पाच-सहा ओळी. पण त्या ओळी ज्या आवृत्तीत नाहीत, तिथे हजारो रुपयांचे यंत्र कळांविना पडून राहते. नव्या कर्नलच्या पेनड्राइव्हवर भाच्याचा कीबोर्ड पहिल्या क्षणापासून चालला.

वाय-फायची गोष्ट याच धर्तीची. यंत्रात मीडियाटेकचे एमटी७९२५ हे वाय-फाय ७ कार्ड होते, आणि त्याचा ड्रायव्हर कर्नलमध्ये ६.७ या आवृत्तीपासून आहे. ६.१ सारख्या जुन्या कर्नलवर ते दिसणे शक्यच नव्हते. ड्रायव्हर असूनही फर्मवेअरची फाइल नसेल तर कार्ड तसेच गप्प राहते, मात्र डीमेसेजमध्ये (कर्नलच्या संदेशांच्या नोंदीत) कोणती फाइल हवी होती ते नावासह छापले जाते. अशा वेळी इंटरनेटसाठी इंटरनेट हवे हा पेच सोडवायला अँड्रॉइड फोन पुरेसा आहे: फोन केबलने जोडून यूएसबी टेदरिंग सुरू केले की लिनक्स त्याला वायरीचे नेटवर्क समजून लगेच स्वीकारते, वेगळा ड्रायव्हर लागत नाही. चोपडा-यावलकडील गावांत, जिथे बहुतेकांच्या घरी फोनचेच इंटरनेट असते, तिथे तर आधीपासून हाच मार्ग आहे.

एनव्हिडियाच्या ड्रायव्हरबद्दल भीती जुनी आहे, परिस्थिती मात्र बरीच बदलली आहे. मे २०२२ मध्ये कंपनीने आपली कर्नल मॉड्यूल (कर्नलला जोडले जाणारे ड्रायव्हरचे भाग) खुल्या स्रोतात आणली, आणि आता ट्युरिंग या पिढीपासून पुढच्या कार्डांसाठी तीच प्राधान्याची ठरली आहेत. आरटीएक्स ५० मालिकेसाठी तर खुली मॉड्यूलच लागतात. वितरणाच्या भांडारातून येणारा ड्रायव्हरच घ्यावा. संकेतस्थळावरून उतरवलेली फाइल हाताने चालवली, तर पुढच्या कर्नल-अद्ययावतीला ती पुन्हा बसवण्याचे काम मागे लागते.

अडकायला होते ते सिक्युअर बूटपाशी. बाहेरून बांधलेल्या मॉड्यूलवर यंत्राला मान्य असलेली स्वाक्षरी नसेल, तर कर्नल ते आत घेत नाही, आणि पडद्यावर फक्त कमी दर्जाचे चित्र दिसत राहते. उबुंटूसारखी वितरणे ड्रायव्हर बसवताना एक पासवर्ड ठरवायला सांगतात. पुढच्या वेळी यंत्र सुरू होताना मॉकची (मशीन ओनर की, म्हणजे मालकाने मान्य केलेल्या स्वाक्षरीची) निळी पाटी येते, तिथे ‘एनरोल मॉक’ निवडून तोच पासवर्ड द्यायचा असतो. ही पाटी काही सेकंदच थांबते. पहिल्यांदा पाहणारा विद्यार्थी घाबरून ‘कंटिन्यू’ दाबतो आणि ड्रायव्हर का चढत नाही याचा शोध भलतीकडेच घेत बसतो. सिक्युअर बूट बंद करूनही हे सुटते, परंतु विंडोज शेजारी ठेवायचे असेल तर स्वाक्षरीचा मार्ग धरावा. भाच्याला विंडोज ठेवावेच लागले, कारण प्रोटॉन या विंडोजचे खेळ लिनक्सवर चालवणाऱ्या सोयीमुळे स्टीम या खेळांच्या दुकानावरचे कितीतरी खेळ लिनक्सवर उत्तम चालत असले, तरी व्हॅलोरंटसारखे कर्नल पातळीवरील अँटिचीटचे (फसवणूक रोखणाऱ्या प्रोग्रामचे) खेळ लिनक्सवर चालत नाहीत.

आवाजाने सर्वांत जास्त वेळ घेतला. हेडफोनमध्ये सारे सुरेख, आणि स्पीकरमधून मात्र पत्र्याच्या डब्यातून यावा तसा किणकिणता आवाज. नव्या गेमिंग लॅपटॉपांत हे लक्षण दिसले की ड्रायव्हर पूर्ण नाही एवढेच समजून पुढे जाऊ नये. यांत बारीक स्वरांचे स्पीकर नेहमीच्या ऑडिओ कोडेकवर (आवाजाच्या चिपवर) असतात, तर खर्जाच्या स्पीकरना सिरस लॉजिक किंवा टेक्सास इन्स्ट्रुमेंट्स यांचे स्वतंत्र ॲम्प्लिफायर चालवतात, जे आयटूसी किंवा एसपीआय या अंतर्गत मार्गांवर जोडलेले असतात. हे ॲम्प्लिफायर किती आहेत, कोणत्या पायाला जोडले आहेत, कोणता डावा आणि कोणता उजवा, ही माहिती बायॉसने एसीपीआयच्या डीएसडी गुणधर्मांतून द्यावी अशी अपेक्षा असते. काही यंत्रांत ती नसते, कारण विंडोजचा ड्रायव्हर ती स्वतःच घेऊन येतो. मग डीमेसेजमध्ये सीएससी३५५१ या ॲम्प्लिफायरच्या ओळखीपुढे डीएसडी गुणधर्म नाहीत, अशी सरळ तक्रार दिसते. कर्नलमध्ये अशा यंत्रांसाठी सबसिस्टिम क्रमांकानुसार (मॉडेल ओळखणाऱ्या क्रमांकानुसार) नोंदी केलेल्या आहेत, आणि लिनक्स-फर्मवेअरमध्ये त्याच क्रमांकाच्या नावाने स्पीकरच्या सुरक्षेची व जुळणीची फाइल असते. दोन्ही जागी आपला क्रमांक आला की खर्ज येतो. भाच्याच्या यंत्राचा क्रमांक पुढच्या कर्नलमध्ये आला, तोवर त्याने ब्लूटूथ स्पीकरवर भागवले. अधले-मधले कोणाचे तरी स्क्रिप्ट चालवून ॲम्प्लिफायरला थेट आज्ञा देण्याचा मोह मी त्याला आवरायला लावला. चुकीच्या जुळणीने स्पीकरची कॉइल जळू शकते, आणि ती जोखीम घेण्याजोगी नाही.

आता उष्णतेकडे येतो, कारण माझ्या दृष्टीने हाच या सगळ्याचा गाभा आहे. आजचे लॅपटॉप प्रोसेसर ९५ ते १०५ अंशांच्या मर्यादेपर्यंत जाऊन स्वतःचा वेग कमी करतात. तेवढीच वीज आणि पंख्याचा तेवढाच वेग धरला, तर खोली पंचवीसऐवजी चाळीस अंशांची असताना चिपही ढोबळमानाने पंधरा अंशांनीच अधिक तापते. म्हणजे इतरत्र ज्याला ऐंशी अंश म्हणून समाधानकारक म्हणतील, तेच यंत्र भाच्याच्या स्लॅबखालच्या खोलीत पंचाण्णववर जाते, आणि स्लॅब तर रात्री अकरा-बारापर्यंत दिवसभराची आग ओकत असतो. कूलर लावला तरी त्याच्या तुषारांच्या थेट झोतात यंत्र ठेवू नये. ओलसर हवेबरोबर धूळही पंख्याच्या पात्यांवर चिकटते. आमच्याकडे कापसाच्या हंगामात उडणारा तंतू तर जाळीवर अस्तरच धरतो, त्यामुळे वर्षातून एकदा मागचे झाकण उघडून साफसफाई करावीच.

कर्नलच्या बाजूने पाहायची पहिली गोष्ट प्लॅटफॉर्म प्रोफाइल, म्हणजे यंत्राने वीज आणि पंखे कसे वापरायचे याची निवड. ५.१२ आवृत्तीपासून कर्नलमध्ये यासाठी एक समान व्यवस्था आहे: सिस् या कर्नलच्या फाइलप्रणालीत फर्मवेअर, त्यात एसीपीआय, त्यात प्लॅटफॉर्म प्रोफाइल नावाची फाइल असली, की लो-पॉवर, बॅलन्स्ड आणि परफॉर्मन्स असे पर्याय बायॉसपर्यंत पोहोचतात, आणि डेस्कटॉपच्या बॅटरी मेनूतील ‘पॉवर मोड’ हे बटण त्यालाच जोडलेले असते. ही फाइल तयार करतो तो त्या-त्या कंपनीचा प्लॅटफॉर्म ड्रायव्हर. असूससाठी असूस-डब्ल्यूएमआय, एचपीसाठी एचपी-डब्ल्यूएमआय, एसरसाठी एसर-डब्ल्यूएमआय. लेनोव्होच्या गेमिंग यंत्रांसाठीचा गेमझोन ड्रायव्हर ६.१७ मध्ये कर्नलात आला. ती फाइलच नसेल, तर बटण दिसूनही पंख्यांना काही कळत नसते. लॅपटॉप घेण्याआधी ग्राफिक्स कार्डाच्या गुणांपेक्षा मी हे आधी तपासीन.

भाच्याच्या यंत्रात ती फाइल होती. ‘सेन्सर्स’ ही तापमान दाखवणारी आज्ञा एका खिडकीत चालू ठेवून आम्ही बॅलन्स्डवर खेळ लावला आणि प्रोसेसर नव्वदीच्या वर चढताना पाहिला. नंतर रूट (सर्वाधिकारी वापरकर्ता) होऊन सीपीयूफ्रीक्वेन्सीच्या फोल्डरमधील ‘बूस्ट’ या फाइलमध्ये शून्य लिहिले, म्हणजे प्रोसेसरची क्षणिक उसळी बंद केली. पंख्यांचा सूर लगेच उतरला आणि तापमान झपाट्याने खाली आले. खेळातील फ्रेम मात्र नावापुरत्याच कमी झाल्या, कारण त्या खेळात भार ग्राफिक्स कार्डावर होता. इंटेलच्या यंत्रांत हेच काम ‘नो टर्बो’ या फाइलमध्ये एक लिहून होते. त्याच्या जोडीला मँगोहड या खेळाची गती दाखवणाऱ्या प्रोग्राममध्ये फ्रेमची मर्यादा साठवर बांधली, की कार्डही विनाकारण पूर्ण वीज ओढत नाही. आरटीएक्स ४०६० च्या लॅपटॉप आवृत्तीची वीजमर्यादा लॅपटॉपनुसार ३५ ते ११५ वॉट असते. उन्हाळ्यात त्या वरच्या टोकाची हौस करू नये. हिवाळ्यात हवीच असेल तर एनव्हिडिया-पॉवरडी ही सेवा चालू ठेवावी, म्हणजे डायनॅमिक बूस्ट (गरजेप्रमाणे कार्डाला वळवलेली जादा वीज) मिळतो.

खेळ बंद असताना कार्ड खरोखर झोपते की नाही, हे फारसे कोणी तपासत नाही. ट्युरिंगपासूनच्या लॅपटॉप कार्डांना लिनक्सवर पूर्ण वीज तोडून झोपवता येते. पीसीआय उपकरणांच्या यादीत कार्डाच्या फोल्डरमधील ‘रनटाइम स्टेटस’ ही फाइल वाचावी. तिथे ‘सस्पेंडेड’ असेल तर कार्ड झोपले आहे. ‘ॲक्टिव्ह’ असेल तर कोणी जागे ठेवले ते शोधावे. बहुधा तो बाहेरचा मॉनिटर असतो, कारण अनेक यंत्रांत एचडीएमआयचे पोर्ट थेट एनव्हिडियाच्या कार्डालाच जोडलेले असते. आमच्याकडे मात्र डेस्कटॉपच्या पट्टीवरील तापमान दाखवणारे विजेट हे कारण निघाले: ते दर काही क्षणांनी एनव्हिडिया-एसएमआय या कार्डाची स्थिती सांगणाऱ्या आज्ञेला विचारी, आणि त्या विचारण्यानेच कार्ड जागे होई. ते काढल्यावर मांडीला लागणारी धग गेली आणि बॅटरीही लक्षात येण्याइतकी वाढली.

झोपेचा दुसरा प्रकार झाकण मिटल्यानंतरचा. जुनी एस३ पद्धत (जीत स्मृती सोडून बहुतेक यंत्र बंद होई) नव्या यंत्रांतून जवळपास गेली असून एसटू-आयडल (जीत भाग आपापले झोपतात) हीच उरली आहे, आणि तीत एखादा भाग जागा राहिला तर दप्तरात ठेवलेला लॅपटॉप तापतो. भुसावळहून जळगावला शटलने येणाऱ्या मुलांना मी सांगतो की बॅगेत घालण्यापूर्वी यंत्र सरळ बंद करावे. एनव्हिडियाच्या कार्डाची स्मृती झोपेत जपण्याचा पर्याय ड्रायव्हरमध्ये आहे, तो चालू केल्यावर झाकण उघडताना विस्कटलेले चित्र येत नाही.

राहिला विजेचा प्रश्न. भारनियमनात घरचा इन्व्हर्टर कूलर किंवा पंख्यांसोबत गेमिंग लॅपटॉपचा मोठा चार्जर पेलत नाही आणि ट्रिप होतो. यूएसबी-सीने चार्ज होणारे यंत्र असेल, तर अशा वेळी लहान चार्जर लावून लो-पॉवर प्रोफाइलवर अभ्यास करावा. बॅटरी उन्हात सतत शंभर टक्के भरलेली ठेवणे तिच्या मुळावर येते, म्हणून भाच्याच्या यंत्रात चार्ज कंट्रोल एंड थ्रेशोल्ड या, चार्जिंग किती टक्क्यांवर थांबवायचे ते सांगणाऱ्या फाइलमध्ये ८० लिहून ठेवले आहे. पुन्हा सुरू केल्यावर काही यंत्रे हा आकडा विसरतात, त्यामुळे यंत्र सुरू होताना तो लिहिणारी छोटी सिस्टिमडी सेवा (आपोआप चालणारे काम) केली. परीक्षेच्या आठवड्यात वीज जाण्याची धास्ती असते. तेवढ्या दिवसांसाठी भाचा तो आकडा १०० करतो आणि नंतर पुन्हा खाली आणतो.

अजून न सुटलेली एक गोष्ट आहे. कीबोर्डखालच्या दिव्यांचा उजेड कमी-जास्त होतो, पण रंग बदलत नाहीत, कारण त्या दिव्यांच्या नियंत्रकाची ओळख ओपनआरजीबी या रंगीत दिवे हाताळणाऱ्या खुल्या प्रोग्रामच्या यादीत नाही. यूएसबीवरील त्याचा क्रमांक आणि विंडोजमध्ये रंग बदलताना जाणाऱ्या संदेशांची नोंद आम्ही घेऊन ठेवली आहे. सुट्टीत भाचा ती ओपनआरजीबीच्या विकासकांकडे पाठवणार आहे.